बॉक्सस्टरची हलकी बॅटरी: वजन काट्यावर, हिशोब कॅलेंडरवर

माझी गाडी पोर्शे बॉक्सस्टर आहे. ९८७ पिढीची, २.९ लिटर इंजिनाची, मुंबईहून सेकंडहँड घेतलेली. आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि घर नाशकात गंगापूर रोडला. नाशकातल्या सोसायटीत पार्किंग अरुंद, म्हणून गाडी बागेवर पॅकहाऊसच्या शेडमध्ये असते. डिसेंबरपर्यंत ती दर रविवारी बाहेर निघते. कधी वणीमार्गे सापुतारा, कधी पेठ रोडचा सावळघाट. द्राक्षांची तोडणी सुरू झाली की मात्र मार्चअखेरपर्यंत तिच्याकडे बघायलाही वेळ नसतो. बॅटरीबद्दल पुढे जे लिहिलंय ते या उभ्या गाडीमुळेच लिहावं लागलं.

दोन वर्षांत दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. पहिली ऑनलाइन मागवली आणि फसलो. दुसरी नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या बॅटरीच्या दुकानातून घेतली आणि तिच्यावर मी पूर्ण समाधानी आहे. या दोन्हींमध्ये मी जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर वीसेक हजार रुपये आणि एक वाईट सकाळ वाचली असती.

आधी वजनाचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि मीही केली. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे असतं आणि बॅटरी पुढच्या डिकीत, काचेच्या खाली, प्लास्टिकच्या झाकणाआड. जुनी बॅटरी साधी लेड ॲसिड, म्हणजे शिशाची, ७० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, आत किती वीज साठते त्याचं माप). ती बसली, सेल्फ मारला की नुसती टकटक यायला लागली, तेव्हा काढून पॅकहाऊसच्या काट्यावर ठेवली. त्याच काट्यावर आम्ही निर्यातीच्या पेट्या भरतो, तिथे वीस ग्रॅमही इकडेतिकडे चालत नाही. बॅटरी भरली १७.६ किलो. तेव्हाच डोक्यात आलं की बदलायचीच आहे तर हलकी घेऊ.

ही कल्पना हौशी लोकांची नाही. पोर्शेनेच २००९ च्या अखेरीस ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडर या गाड्यांसाठी लिथियम-आयन स्टार्टर बॅटरी जाहीर केली होती. वजन सहा किलोच्या आत, म्हणजे ६० एएचच्या लेड बॅटरीपेक्षा दहा किलोहून जास्त कमी. जर्मनीत किंमत १,९०४ युरो. तिची खरी क्षमता होती १८ एएच, आणि गिऱ्हाइकाला तिच्यासोबत नेहमीची लेड बॅटरीही देत, कारण कडक थंडीत लिथियमची स्टार्ट करायची ताकद कमी पडते. मी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा ‘सहा किलो’ एवढंच लक्षात ठेवलं. ‘१८ एएच’ आणि ‘सोबत दुसरी बॅटरी’ हे दोन शब्द डोळ्यांखालून गेले. खरी बातमी त्यांच्यातच होती.

पहिली बॅटरी मागवली तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘६० एएच’ लिहिलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘पीबी इक्विव्हॅलंट’. वजन ३.४ किलो, किंमत १९,५००. पीबी म्हणजे शिसं. अर्थ असा की इंजिन फिरवायच्या कामात ही बॅटरी ६० एएचच्या शिशाच्या बॅटरीची बरोबरी करते. तेवढ्यापुरतं ते खोटंही नसतं, कारण या बॅटरीतल्या लिथियम फॉस्फेट प्रकारच्या सेलचा अंतर्गत रोध कमी असतो आणि तो क्षणात मोठा करंट देऊ शकतो. पण आत साठवलेली वीज किती, तर २० एएच. हा आकडा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होता. मी तो वाचला नव्हता. विकणाऱ्याला फोन करून गाडीचं मॉडेल सांगितलं होतं, तेव्हा त्यानेही ‘बसेल’ एवढंच सांगितलं.

बसली. आणि गाडी इतक्या झटक्यात स्टार्ट व्हायला लागली की मी खूश होतो.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आईला सप्तशृंगगडावर न्यायचं ठरलं होतं. गाडी चौदा दिवस शेडमध्ये होती. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. दरवाजा किल्लीने उघडला. या गाडीच्या दरवाजाला काचेची चौकट नसते, दार उघडताना काच आपोआप थोडी खाली सरकते आणि मग रबरातून सुटते. बॅटरी मेली की ती सरकत नाही. म्हणून दार अगदी सावकाश ओढावं लागलं. पुढची डिकी उघडायची तर तिचं कुलूप विजेचं. म्हणजे मेलेली बॅटरी ज्या पेटीत आहे, त्या पेटीचं कुलूप त्याच बॅटरीवर चालतं.

पोर्शेने यासाठी सोय ठेवलेली आहे आणि प्रत्येक मालकाने ती संकट येण्याआधी पाहून ठेवावी. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये एक लाल टर्मिनल असतं, ते बाहेर ओढता येतं. त्याला बाहेरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस लावायचा, मायनस दरवाजाच्या लॅचच्या लोखंडाला, की डिकीचं बटण काम करतं. आम्ही ट्रॅक्टर जवळ आणून त्याची बॅटरी जोडली. गाडी लॉक होती म्हणून अलार्म वाजायला लागला आणि शेडमध्ये मणी निवडणाऱ्या सगळ्या बायका काम सोडून बाहेर आल्या. डिकी उघडली. आई तोवर भावाच्या गाडीने गडावर निघून गेली होती. “तुझं होऊ दे सावकाश,” म्हणाली. मला ते फार लागलं. तिला या गाडीतून गडावर न्यायचं मी गेल्या चैत्रापासून बोलत होतो.

माझं चुकलं कुठे, हे त्याच आठवड्यात द्वारकेच्या दुकानात कळलं. दुकान लहान आहे, पुढे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची रांग, आत एक चार्जिंगचं टेबल. मालक साठीचे. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं की मोठी लिथियम पाहिजे.

“दादा, गाडी रोज काढता का?”

“नाही. हंगामात महिना-महिना हलत नाही.”

“मग झोपेत ती किती खाते ते मोजून आणा आधी. तोवर मी तुम्हाला काही विकत नाही.”

ज्या दुकानदाराने वस्तू विकण्याआधी असं परत पाठवलं, त्याच्यावर माझा तिथेच विश्वास बसला. हा प्रश्न मला ऑनलाइनवाल्याने विचारला नव्हता, आणि खरं तर मी स्वतःलाही विचारला नव्हता.

मोजायचं कसं ते सविस्तर लिहितो, कारण यात घाई केली की आकडा चुकतो. माझ्या पुतण्याने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, त्याने मदत केली. गाडीचा मायनस काढून बॅटरी आणि केबलच्या मध्ये मल्टीमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावला. “काका, डिकी बंद झाली असं गाडीला वाटलं पाहिजे,” म्हणून त्याने डिकीचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवला, नाहीतर डिकीचा दिवा चालू राहतो आणि कंट्रोल युनिट झोपत नाहीत. मीटर लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. सुरुवातीला मीटरवर दोन अँपिअरच्या वर आकडा होता. गाडी लॉक केली, आम्ही चहा घेऊन आलो, चाळीस मिनिटांनी पाहिलं तर तो ६१ मिलिअँपिअरवर स्थिर झालेला.

६१ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास दीड एएच. २० एएचच्या बॅटरीतून दीड-दीड काढत गेलात तर तेरा-चौदा दिवसांत तळ लागतो. हिशोब इतका सरळ जुळला की मी तो वहीत दोनदा करून पाहिला.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. आधीच्या मालकाने बसवलेला एक जीपीएस ट्रॅकर सापडला, ज्याचं सबस्क्रिप्शन केव्हाच संपलं होतं, तो एकटाच २३ मिलिअँपिअर खात होता. तो काढला. राहिले ३८. ही गाडीची स्वतःची भूक, अलार्म आणि किल्लीच्या रिसीव्हरची. तिला हात लावता येत नाही. दिवसाला ०.९ एएच धरायचे.

आता या आकड्यावर बाजारातल्या बॅटऱ्या तपासल्या की चित्र एकदम बदलतं. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून तिची निम्मीच क्षमता धरायची. लिथियम फॉस्फेट ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. माझी जुनी ७० एएच लेड बॅटरी नवी असताना ३८ दिवस टिकली असती. तीन किलोची २० एएच लिथियम, ट्रॅकर काढल्यावरही, सतरा दिवस. आणि खरी ४० एएचची लिथियम पस्तीस दिवस. म्हणजे सात किलोच्या बॅटरीत जवळजवळ अठरा किलोच्या बॅटरीइतके दिवस मिळतात. वजन आणि दिवस दोन्ही सांभाळणारी जागा ही एकच होती. हे मला कुठल्याही जाहिरातीत दिसलं नाही, वहीत दिसलं.

मधल्या काळात ओडिसीच्या पीसी ६८० चाही विचार केला. जगभर हलक्या गाड्यांत ती लावतात. शिशाचीच आहे, एजीएम प्रकारची (आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं), वजन ७ किलो, क्षमता १६ एएच. नावातला ६८० हा आकडा पाच सेकंदांच्या झटक्याचा आहे, अँपिअरमध्ये. प्रमाणित पद्धतीने, म्हणजे उणे १८ अंशांवर तीस सेकंद, मोजलेला सीसीए, म्हणजे थंडीत स्टार्ट करायचा करंट, १७० आहे. दोन्ही आकडे कंपनीच्या कागदावर स्वच्छ छापलेले असतात, वाचणाऱ्याने दोन्ही वाचले पाहिजेत. दणकट बॅटरी आहे, आणि ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत किंवा बॅटरी स्विच लावलेल्या गाडीत मी तीच घेईन. माझ्या शेडमध्ये ती नऊ दिवस पुरली असती. तिची मोठी बहीण पीसी ९२५, २८ एएच, वजन पावणेबारा किलो. पंधरा दिवस. तीही नाही.

अंबडच्या एमआयडीसीत एक जण ई-रिक्षा आणि सोलरसाठी लिथियम पॅक बनवतो. त्याच्याकडेही गेलो होतो, वाटलं इथेच स्वस्तात ४० एएचचा पॅक बांधून मिळेल. त्याने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं. रिक्षाच्या पॅकचा बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं आतलं सर्किट, शंभर अँपिअरपर्यंतचा असतो, कारण रिक्षाला थोडा करंट तासन् तास लागतो. गाडीचा स्टार्टर एका क्षणाला कितीतरी शे अँपिअर ओढतो. बीएमएस स्वतःला वाचवायला लगेच कट मारेल. “सेल चांगले आहेत शेठ, पण काम वेगळं आहे.” ज्यांना कोणी ई-रिक्षाचा पॅक गाडीला लावून देतो म्हणतं, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

शेवटी द्वारकेच्या दुकानातून आयात केलेली ४० एएचची घेतली. ४६,००० रुपये, मागवायला तीन आठवडे. तोवर त्यांनी एक साधी डीआयएन (युरोपियन मापाची) लेड बॅटरी वापरायला दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. नवी बॅटरी दुकानातच माझ्यासमोर खोक्यातून काढली, व्होल्टेज मोजलं, लोड टेस्टर लावला आणि मग बिल केलं. आमच्या काट्यावर ती ७.३ किलो भरली. खोक्यावर छापलेला आकडाही तोच.

बसवताना एक गोष्ट फार बरी वाटली. तिची पेटी युरोपियन मापाची आहे, २७८ मिलिमीटर लांब, खाली पकडीसाठी कडा. मूळ क्लॅम्प जसाच्या तसा बसला. आधीच्या छोट्या बॅटरीसाठी ॲल्युमिनियमची चौकट करून घ्यावी लागली होती, आणि खड्ड्यात गाडी आदळली की मला तिचीच काळजी वाटायची. हलकी बॅटरी घेताना मापाकडे दुर्लक्ष करू नका, सुटी बॅटरी ही जड बॅटरीपेक्षा कितीतरी वाईट. मूळ बॅटरीला वायू बाहेर सोडायची एक बारीक नळी असते, ती लिथियमला लागत नाही. ती बांधून बाजूला ठेवली, कापली नाही, पुढे कधी लेड लावायची वेळ आली तर लागेल. बॅटरी जोडल्यावर दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन बटण धरून ठेवायचं, म्हणजे त्यांना आपली शेवटची जागा पुन्हा कळते.

या बॅटरीचा बीएमएस तळ लागायच्या आधीच पुरवठा तोडतो आणि एका स्टार्टपुरती वीज राखून ठेवतो. बॅटरीवरचं बटण दाबलं की ती परत मिळते. सोय उत्तम आहे, पण बॉक्सस्टरमध्ये तिच्यात एक खोच आहे: बटण डिकीत, आणि पुरवठा तुटला की डिकी उघडत नाही. मी हे मुद्दाम करून पाहिलं. दिवे लावून बॅटरी उतरवली, पुरवठा तुटू दिला, आणि मग फ्यूज बॉक्सच्या लाल टर्मिनलला आमच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची छोटी बॅटरी जोडली. कुलूप उघडण्यापुरती ती पुरते. डिकी उघडली, बटण दाबलं, गाडी स्टार्ट. त्या टर्मिनलवरून गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न मात्र करू नये, ती वायर तेवढ्या करंटची नाही. तेव्हापासून एक पंपाची बॅटरी चार्ज करून गाडीच्या बाहेर, शेडच्या फळीवर असते.

गाडीच्या अल्टरनेटरचा मेळ बसतो का हेही पाहायला हवं. माझ्याकडे थंड इंजिनावर १४.२ व्होल्ट आणि गरम झाल्यावर १३.९ मिळतात. लिथियम फॉस्फेटच्या चार सेलना १४.६ च्या वर जाऊ द्यायचं नसतं, त्यामुळे हे ठीक आहे. धोका घरच्या चार्जरचा आहे. माझ्या जुन्या चार्जरला लेड बॅटरीवरचा सल्फेट काढायचा मोड होता, त्यात तो पंधरा व्होल्टच्या वर जातो. तो चार्जर मी पुतण्याला ट्रॅक्टरसाठी देऊन टाकला, शेडमध्ये ठेवलाच नाही, कारण माझ्या गैरहजेरीत कुणीतरी मदत म्हणून लावेल. आता लिथियमचा मोड असलेला पाच अँपिअरचा आहे.

व्होल्टमीटरची सवयही मोडावी लागली. लेड बॅटरी १२.६ दाखवते तेव्हा भरलेली आणि १२.२ ला निम्मी, हे आम्हा शेतकऱ्यांना ट्रॅक्टरमुळे पाठ असतं. लिथियम भरलेली असताना १३.३ दाखवते आणि निम्मी उतरली तरी १३.१ च्या आसपासच असते. शेवटपर्यंत सपाट, आणि मग एकदम कडा. पहिली बॅटरी मेली त्याच्या आठवडाभर आधी मी मीटर लावला होता आणि १३.२ पाहून निश्चिंत झालो होतो. लिथियममध्ये दिवस मोजायचे.

उन्हाळ्याबद्दल अनेकांनी भीती घातली होती. कंटेनरमध्ये द्राक्षांसोबत तापमान नोंदवणारा लॉगर जातो, तसा एक आमच्याकडे होता. एप्रिलमध्ये तो बॅटरीला चिकटवून ठेवला. शेडमध्ये दुपारी ३८ अंश, आणि नाशकात भर उन्हात चार तास उभी केली त्या दिवशी ४९. इंजिन मागे असल्याचा इथे फायदा होतो. ज्या गाडीत बॅटरी इंजिनाशेजारी असते, तिथे लिथियम लावण्याआधी हे नक्की मोजा. थंडीचं म्हणाल तर जानेवारीत पहाटे शेडमध्ये सहा अंश होते तेव्हा पहिला सेल्फ जरा जड फिरला. हेडलाइट अर्धा मिनिट लावून पुन्हा मारला, करंट वाहून सेल थोडे गरम झाले आणि झटकन स्टार्ट. शून्याखाली लिथियम चार्ज करू नये म्हणतात, पण आपल्याकडे निफाडचा पारा कितीही उतरला तरी शेडमधल्या गाडीला तो प्रश्न येत नाही.

चालवताना फरक पडतो का? साडेतेराशे किलोच्या गाडीत दहा किलो म्हणजे एक टक्काही नाही. सावळघाटाच्या वळणांवर मी मन लावून पाहिलं, स्टिअरिंगमध्ये मला फरक जाणवला नाही. पेट्रोलची टाकीही पुढेच आहे, चौदा लिटर पेट्रोल कमी भरलं तरी तेवढंच वजन उतरतं. जे म्हणतात की बॅटरी बदलली आणि गाडी हरणासारखी पळायला लागली, त्यांच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तरी मला ती आवडते. इंजिन पहिल्याच फिरकीला पकडतं, टर्मिनलवर पांढरी बुरशी येत नाही, आणि पुढच्या बाजूचं, उंचावरचं दहा किलो वजन उतरलं याचं समाधान आहे. गाडी रोज वापरत असाल आणि वजनाशी देणंघेणं नसेल, तर आठ-नऊ हजारांची चांगली डीआयएन लेड बॅटरी घ्या, तीत काही कमी नाही.

यंदा तोडणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि गाडीवर कापड टाकलं. चार्जर मुद्दाम जोडला नाही. सत्तावीस दिवसांनी, शेवटचा कंटेनर गेल्यावर, आई शेडच्या दारात उभी असताना सेल्फ मारला. पहिल्या फिरकीत स्टार्ट झाली. वणीपर्यंत छत उघडं ठेवलं होतं, नांदुरीच्या पुढे घाटात आईनेच ते बंद करायला सांगितलं, वारा लागत होता.